पुरातली गाडी गळ्यात मारली, डीलरला ग्राहक कोर्टात खेचायचं का?

येळ्ळूरवाला (१४ सप्टेंबर २०२५)
नमस्कार मंडळी. बाबा गेल्या वर्षी बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीतनं रिटायर झाले. ३४ वर्षं भट्टीपुढं काढली त्यांनी. पीएफचे पैसे आले तसं म्हणाले एक चारचाकी घेऊया, तुझ्या आईला आता बस चढवत नाही. नवी परवडत नव्हती म्हणून जूनमध्ये शहराबाहेर हायवेला लागून असलेल्या एका सेकंडहँड डीलरकडनं २०१७ ची डिझेल गाडी घेतली, ३ लाख ८५ हजाराला. एमएच-१०, म्हणजे सांगली पासिंग. डीलरनं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलेलं, "सिंगल ओनर, ६२,००० ओरिजिनल किमी, नो अॅक्सिडेंट".

एकोणिसाव्या दिवशी आईबाबांना घेऊन गोव्याला निघालो तर चोर्ला घाटात वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले आणि गाडी बंद. मागनं ट्रक येत होता. आई अजून त्या वळणाचं नाव काढलं की गप्प होते.

ऑटोनगरला मेस्त्रीकडं ओढून आणली. त्यानं काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा काळा, स्वच्छ. शेवटचा वीतभर मातकट, आणि मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ. मी नख घासलं तर नखात गाळ आला. काळा गाळ. आमच्याकडची माती तांबडी हो, ही कृष्णाकाठची. मग कार्पेट उचललं तर खाली वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी चढलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला, त्यांनी रेकॉर्ड काढलं: २०२२ मध्येच १,१८,४०० किमी.

डीलर म्हणतो, "घेताना बघून घेतलात की, आता मी काय करू". वर दाखवतोय की बाबांनी एका कन्नड कागदावर सही केलीय.

इंग्लंडात लेस्टरला असलेला मावसभाऊ म्हणाला तिकडं स्मॉल क्लेम्स कोर्ट असतंय, वकीलही लागत नाही. आपल्याकडं तसं काही आहे का? एका वकिलानं २५ हजार सांगितले. पैसे आधीच गेलेत, आणखी घालू का नको कळेना.

निपाणीकर
बेल्ट ओढून बघायचं मी २०१९ नंतर शिकलो. त्या ऑगस्टला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, गाड्यांच्या रांगा लागल्या, परत २०२१ च्या जुलैला तेच. सांगली कोल्हापूरकडं तर बेसमेंटच्या बेसमेंट भरली. त्या गाड्या विमा कंपनीनं टोटल लॉस धरून भंगारात काढल्या, कुणीतरी घेतल्या, धुतल्या, वाळवल्या, अत्तर मारलं आणि हद्द ओलांडून इकडं विकल्या. तुझी बहुतेक त्यातलीच. वाईट वाटलं रे.

शहापूरचा_बाळू
डीलरचं नाव सांग की दादा, बाकीचे तरी वाचतील.

येळ्ळूरवाला
नाव नको. केस करायची असेल तर आधी इथं बोंब मारून उपयोग नाही असं वाटतं.

कॅम्पातली_वकील
नाव दिलं नाहीत ते बरं केलंत. मी बेळगावात प्रॅक्टिस करते, ग्राहक आयोगाची कामं बघते.

आपल्याकडं स्मॉल क्लेम्स नाही. बेंगळुरात स्मॉल कॉजेस कोर्ट आहे, पण तिथं मुख्यतः अपघाताचे दावे चालतात. तुमचं ठिकाण म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला लोक अजून ग्राहक कोर्टच म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. मुदत दोन वर्षं, म्हणजे तुम्ही आरामात आत आहात.

आता मला तीन गोष्टी सांगा. पैसे कसे दिले? बिल कुणाच्या नावाचं? आणि आरसीवर आत्ता कुणाचं नाव आहे?

येळ्ळूरवाला
२ लाख ८५ हजार बाबांच्या खात्यातनं एनईएफटी, डीलरच्या दुकानाच्या खात्यावर. १ लाख रोख. रोखीची पावती म्हणजे साध्या चिठ्ठीवर सही, शिक्का नाही. बिल नाहीच, "डिलिव्हरी नोट" म्हणून तो कन्नड कागद. आरसी अजून सांगलीच्या पहिल्या मालकाच्या नावावर, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्याच्या सह्या घेऊन दिल्यात. एनओसी "येतीय येतीय" म्हणूलालाय जूनपासनं.

हद्दीवरचा
हे बघ, आधी गाडी रस्त्यावर काढणं बंद कर. महाराष्ट्रातली गाडी इकडं चालवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मग इथं टॅक्स भरून केए-२२, म्हणजे बेळगावचा नंबर करून घ्यायचा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीस तर नवीन नंबर घेणं कायद्यानंच भाग आहे. आणि कर्नाटकाचा टॅक्स जबर. ह्या सगळ्याचा हिशोब न करता लोक "एमएच स्वस्त मिळते" म्हणून घेतात आणि बसतात. मी केलो तेच, माझे ५८ हजार वर गेले.

कॅम्पातली_वकील
त्यात आणखी एक. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अपघाताच्या एका केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे उद्या काही झालं तर सांगलीचा माणूस अडकणार आणि विम्याचाही घोळ होणार. गाडी हलवू नका.

डीलर आयोगात काय म्हणेल ते आत्ताच सांगते, रोज ऐकते मी. "मी फक्त एजंट, विकणारा सांगलीचा मालक, मला कमिशन मिळालं." कागदोपत्री फॉर्म २९ आणि ३० वर त्याचं नावच नाही, म्हणून ही पळवाट. पण तुमचे २ लाख ८५ हजार त्याच्या दुकानाच्या खात्यात गेलेत, तो पुरावा सोन्यासारखा आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडनं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी त्याच्याकडं दिल्याचं आरटीओला कळवलं की तोच मालक मानला जातो. त्याच्याकडं ते प्रमाणपत्र आहे का, आरटीओत माहितीचा अर्ज टाका. नसेल तर तेही तक्रारीत येऊ दे. आणि एजंट धरला तरी कमिशन घेऊन सेवा दिलीय ना? सेवेतली त्रुटी लागू होते.

ऑटोनगर_गॅरेज
मी ह्याच धंद्यात २२ वर्षं हाय. मेस्त्रीला सांगा, एक वायर कापू नको, एक स्क्रू उघडू नको. उघडलेलं सगळं पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. पाण्यातल्या गाडीची खूण बेल्टमध्ये, सीटच्या रुळावर, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि फ्यूज बॉक्सच्या मागं राहतेच. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ असंल तर फोटो काढा, पण उन्हात नको, संध्याकाळी टॉर्च आडवा धरून काढा, रेघ उठून दिसते.
आणि सगळे डीलर तसले नसतात वो. माझ्याकडं दोघं येतात, गाडी घ्यायच्या आधी मला दाखवून घेतात.

अनगोळचा_राजू
मी हरलेली केस सांगतो, शिका. २०२१ ला घेतलेली गाडी, इंजिन बसलं, मी घाईत गावातल्या गॅरेजला खोलून ओव्हरहॉल करून घेतलो, जुने पिस्टन भंगारात गेले. आयोगात विचारलं, दोष घेतानाच होता की तुमच्या चालवण्यानं आला, पुरावा काय? माझ्याकडं गॅरेजचं ४१ हजाराचं बिल तेवढं. तक्रार फेटाळली. माझं चुकलं ते एवढंच की तपासायला वस्तूच ठेवली नव्हती.

कॅम्पातली_वकील
@अनगोळचा_राजू, तुमच्यासारखे खूप येतात. म्हणूनच येळ्ळूरवाला, तक्रारीसोबत वेगळा अर्ज द्या की गाडी तज्ज्ञाकडनं तपासून घ्यावी. कायद्यातच ती सोय आहे, आयोग योग्य ठिकाणी तपासणीला पाठवू शकतो. खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. आणि तपासणी लागणाऱ्या केसला कायद्यानं पाच महिने, नसेल तर तीन महिने दिलेत.

शहापूरचा_बाळू
पाच महिने!! आमच्या काकांचं फ्रीजचं दीड वर्ष चाललं.

कॅम्पातली_वकील
खरं आहे, वर्ष ते दोन वर्षं धरून चला. मी खोटं सांगणार नाही. पण डीलरच्या उत्तराला मात्र ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलंय, ४५ च्या पुढं एक दिवस नाही. तिथं तारखा खाता येत नाहीत.

व्यवहारी_माणूस
सगळ्यांचं ऐकलो. मी वेगळं सांगतो. दोन वर्षं बाबांना घेऊन चकरा मारणार, कोर्टात बसणार, रिटायर माणूस झुरून जातो. डीलरशी चार माणसं घालून बोल, लाख दीड लाख घेऊन सोड, गाडी भंगारात दे. पैसा परत कमवता येतोय, वडील नाही.

हिंडलग्याची_अक्का
व्यवहारी भाऊ, तुमचा जीव तळमळतोय ते कळतंय, पण मी सहमत नाही. मी ५६ वर्षांची, नोकरी नाही काही नाही. इन्व्हर्टरची बॅटरी सहा महिन्यांत फुगली, दुकानदार दार दाखवला. मी स्वतः तक्रार लिहिले, नातवानं ऑनलाइन चढवलं, तीन तारखांना गेले. तिसऱ्या तारखेला दुकानदार नवीन बॅटरी घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा. मला बॅटरीपेक्षा त्याचं ते उभं राहणं बघून बरं वाटलं. रात्री दीड वाजता दिवे गेल्यावर आजारी सासूच्या मशीनसाठी मी मेणबत्ती धरून बसले होते, ते मला विसरता येत नव्हतं.
बाळा, बाबांना विचार की त्यांना काय वाटतंय.

लेस्टरचा_मावसभाऊ
मीच तो मावसभाऊ, धागा पाठवला म्हणून वाचला. इथलं सांगतो. इंग्लंडात १० हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये जातो, फॉर्म घरबसल्या भरता येतो. फी असते, जिंकलात तर समोरच्याकडनं परत. पण मुख्य म्हणजे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा. डीलरकडनं घेतलेली गाडी, जुनी असली तरी, दोष निघाला तर ३० दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांत दोष दिसला तर तो घेतानाच होता असं मानतात, नव्हता हे डीलरनं सिद्ध करायचं. राजूदादांची केस इथं उलटी लागली असती.

अनगोळचा_राजू
हे वाचून गप्प बसलो जरा वेळ.

कॅम्पातली_वकील
हो, तो फरक मोठा आहे. आपल्याकडं दोष दाखवायचा भार तक्रारदारावर येतो. म्हणून गाळाची रेघ महत्त्वाची. पण आपल्याकडं एक चांगलं झालंय, पूर्वी समोरचा जिथं धंदा करतो तिथं किंवा जिथं व्यवहार झाला तिथं जावं लागायचं. आता तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते. निपाणीच्या माणसानं कोल्हापुरात घेतली तरी तक्रार बेळगावात.

टॅक्सीवाला_खानापूर
माझी केस मी ग्राहक का नाही ह्यावरच अडकली होती. दोन गाड्या, एकावर पगारी ड्रायव्हर. समोरचा वकील म्हणाला हा व्यापारी, ग्राहक नव्हेच. स्वतः पोटासाठी चालवत असतो तर चाललं असतं म्हणे.

येळ्ळूरवाला
आमची घरचीच. कन्नड कागदाचं सांगा कुणीतरी. बाबांना कन्नड बोलता येतं, भट्टीवर अर्धे लोक कन्नडच होते, पण वाचता येत नाही. मला पाटीपुरतं येतंय.

गोकाक_क्रॉस
फोटो टाक, आकडे आणि नावं झाकून. माझी आई कन्नड, बाबा मराठी, मी दोन्ही वाचतो.

गोकाक_क्रॉस
वाचलो. वर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, तारीख. खाली "इद्द स्थितियल्लि" म्हणजे आहे त्या स्थितीत गाडी मिळाली, पुढं तक्रार करणार नाही. पण मधली ओळ बघितलास का? "मीटर ६२,१५० किमी" असं पेनानं लिहिलंय, त्याच्याच अक्षरात. तो कागद दडवूचं नाही, पुढं करूचं!

कॅम्पातली_वकील
गोकाक क्रॉस, तुम्ही केसच उघडलीत. "आहे त्या स्थितीत" म्हटलं म्हणजे खोटं सांगायचा परवाना मिळत नाही. आकडा त्याच्या हातचा, सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि ते तीन वर्षं आधीचं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्याच आहे, खरं नाही हे माहीत असताना खरं म्हणून सांगणं. सर्व्हिस सेंटरकडनं ते रेकॉर्ड सही शिक्क्यानिशी घ्या. व्हॉट्सअॅपचे मेसेज फोनमधनं पुसू नका, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडायचं, नमुना मी मेसेजमध्ये पाठवते. कन्नड कागदाला भाषांतर लागणार नाही, आयोगात कन्नड आणि इंग्रजी चालतं. तुमची तक्रार इंग्रजीत करा.

रोखीचा लाख मात्र जपून. चिठ्ठी आहे तशी जोडा, पण मागणी करताना बँकेतली रक्कम आणि रोख वेगळी दाखवा, म्हणजे एक डळमळली तरी दुसरी उभी राहते.

निपाणीकर
आणि जुन्या मालकाची विमा पॉलिसी मिळाली तर बघ. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, शून्यावर आलेला असेल तर मधे क्लेम झालाय. २०१९ किंवा २०२१ च्या पुढच्या वर्षीची मिळाली तर बघायलाच नको.

शहापूरचा_बाळू
पोलिसांत पण दे की ४२०.

कॅम्पातली_वकील
४२० आता इतिहासजमा, भारतीय न्याय संहितेत ३१८. देता येते. स्टेशनवर "हे दिवाणी आहे" म्हणतील, तरी अर्ज देऊन पोच घ्या. पण जोर आयोगावर ठेवा, पैसे तिथनं येतात.

येळ्ळूरवाला (५ ऑक्टोबर)
अक्कांनी सांगितलं तसं बाबांना विचारलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कास्टिंगमध्ये एक पोकळी राहिली की आम्ही अख्खा पीस परत वितळवायचो, गिऱ्हाइकाला कधी पाठवला नाही. ह्यानं कसा पाठवला?" म्हणजे करायचं ठरलं.

नोटीस मीच लिहिली, अॅडव्होकेट ताईंनी तपासली, एक पैसा घेतला नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवायला गेलो तर १ सप्टेंबरपासनं ते स्पीड पोस्टातच घातलंय म्हणाले, स्पीड पोस्टानं पोचपावतीसकट पाठवली. १५ दिवसांची मुदत दिलीय.

व्यवहारी_माणूस
वडिलांचं वाक्य वाचलो. माझा सल्ला मागं घेतो. लढ.

येळ्ळूरवाला (२९ ऑक्टोबर)
डीलरचा फोन आला, पहिल्यांदा "तुम्ही" म्हणाला. आधी दीड लाख, मग २ लाख, मग २ लाख २० हजार आणि गाडी त्याच्याकडं. आणि कागदावर "कोणतीही तक्रार नाही" म्हणून सही पाहिजे.

टॅक्सीवाला_खानापूर
वाढतोय म्हणजे घाबरलाय. थांब.

हद्दीवरचा
मी असतो तर घेतलो असतो २ लाख २० हजार. खरं सांगतो.

कॅम्पातली_वकील
निर्णय तुमचाच. एवढं लक्षात घ्या, तक्रार दाखल केल्यावरही तडजोडीचं दार बंद होत नाही, आयोग मध्यस्थीकडं पाठवू शकतो आणि तिथं ठरलेलं कागदावर पक्कं होतं. फोनवरचं ठरलेलं हवेत असतं. आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला तर त्याला अपिलासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते, ४५ दिवसांच्या आत. निकाल पाळला नाही तर तुरुंगाचीही तरतूद आहे. हे त्याच्या वकिलाला माहीत आहे, म्हणूनच फोन आला.

येळ्ळूरवाला (२२ नोव्हेंबर)
तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर चढवली. फी काहीच पडली नाही, खरंच. मागणी अशी ठेवली: ३ लाख ८५ हजार व्याजासकट परत, टोइंग आणि मेस्त्रीचे ११ हजार ४००, मनस्ताप आणि खर्च वेगळा. मनस्तापाचे ५ लाख टाक म्हणणारे भेटले, ताई म्हणाल्या मोठा आकडा टाकून केस जड होते, ५० हजार टाकले. तपासणीचा अर्ज सोबत जोडलाय. आरटीओकडनं उत्तर आलं, त्या नावाला डीलर म्हणून प्रमाणपत्र दिलेलं नाही.

कॅम्पातली_वकील
ते उत्तर लगेच पूरक कागद म्हणून दाखल करा. आज.

गोकाक_क्रॉस
तारखेला कन्नडमध्ये बोलायची वेळ आली तर मला सांग, मी बेळगावात शनिवार सोडून कधीही येऊ शकतो.

येळ्ळूरवाला (१६ जानेवारी)
तक्रार दाखल करून घेतली, डीलरला आणि सांगलीच्या मालकाला दोघांनाही नोटीस निघाली. पुढची तारीख फेब्रुवारीत. बाबा पॅंटशर्ट इस्त्री करून ठेवलेत आत्ताच.
गाडी घरामागं शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. आई रोज विचारते, धुळीनं भरलीय, पुसून काढू का? हात लावू नको म्हणून सांगितलंय.

ऑटोनगर_गॅरेज
बरोबर सांगितलास. आणि ताडपत्रीला खालनं वारा लागू दे, नाहीतर आतला ओलावा वाढून ती रेघ पुसट होईल. तपासणीच्या दिवशी मला बोलाव, बेल्ट मी ओढून दाखवतो साहेबांना.

हिंडलग्याची_अक्का
तारीख कळव. डबा घेऊन येते, तिथं नंबर लागेस्तोवर दुपार होते.